औषधाचा दासोह

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्याच्या आधीच्या सरत्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी नांदेडला एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते. माहेर उदगीरला, बाजारामागच्या गल्लीत. त्या वर्षी उदगीरच्या माणसांना बोलायला दोनच विषय होते, एक पाणी आणि दुसरा जिल्हा. नळ कोरडे, बोअर कोरडे, टँकर येईल तेव्हा येईल. पण उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, यावर गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोराटोरांपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. माझा धाकटा भाऊ या मागणीच्या समितीत होता. आमचं भुसार मालाचं दुकान नोकरावर टाकून तो दिवसदिवस धरणं धरलेल्या मांडवात बसायचा. तिथं भाषणं चालायची, चहा चालायचा आणि त्या हिवाळ्यात खोकलाही जोरात चालायचा. जिल्हा काही तो घेऊन आला नाही, ताप तेवढा घेऊन आला.

डॉक्टरांनी तपासलं, लक्षणं स्वाइन फ्लूची दिसतात म्हणाले आणि कॅप्सूलची एक पट्टी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. मग त्यानं मला फोन केला तो अगदी ठणठणीत आवाजात. परत मांडवात चाललोय म्हणाला. औषध संपवलंस का, असं मी विचारलं, तर बरं वाटल्यावर कशाला खायचं, फुकट जाईल, असं उत्तर आलं. मग उरलेल्या कॅप्सूल कुठायत? तर म्हणे, अव्वाला विचार. अव्वा म्हणजे आमची आई. आमच्याकडे कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर, म्हणून आई ती अव्वा आणि मोठी बहीण म्हणून मी सगळ्या गल्लीची अक्का.

अव्वानं फोन घेतला. तिच्या आवाजात मोठं समाधान होतं.

"वाटल्या की गल्लीत. कात्रीनं पट्टी कापली अन् घरटी एक दिली. समद्यांकडंच खोकला हाय. आपल्याच घरात ठेवून काय करू?"

आमच्या घरात दासोह हा रोजच्या बोलण्यातला शब्द. जे आपल्याकडे आहे ते शिवाचं म्हणायचं आणि वाटून खायचं. बाकी सगळे हा शब्द बोलायचे, अव्वा तो जगायची. टँकर आला की आधी शेजारच्या एकट्या म्हातारीचा रांजण भरणार, मग आपला. गावाकडून गूळ आला, वाटला. दुकानात नवी तूरडाळ आली, वाटली. दुष्काळात तर तिला चेवच चढला होता, जितकं कमी तितकी वाटायची घाई. तिच्या हाती औषध आल्यावर ते तरी कसं सुटणार. मी फोनवर काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मला राग पटकन येतो. आणि मी रागावले की मला भूक लागलीय, असं अव्वाला माझ्या लहानपणापासून वाटत आलंय. माझं सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, जेवलीस का गं?

त्यानंतर भावाचा पुन्हा फोन आला तेव्हा आवाजातला ठणठणीतपणा गेला होता. भावजयीला ताप भरला होता. तिला आठवा महिना चालू होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखाने झाले होते, देव झाले होते, लोकांचं बोलणं ऐकून झालं होतं, आणि आता कुठे दिवस राहिले होते. मी रजा टाकली, रस्त्यात अर्धापूरच्या केळ्यांची एक फणी घेतली आणि कंधारवरून जाणारी एसटी पकडली.

एसटीत बसल्यावर डोक्यात माझाच तास सुरू झाला. फ्लूचा विषाणू माणसाच्या घशात शिरला की स्वतःच्या नकला काढत सुटतो. घाईघाईत काढलेल्या नकला, त्यात चुका व्हायच्याच. बहुतेक चुका त्या विषाणूलाच भोवतात. पण एखाद्याच्या अंगात अशी चूक होते, की या औषधाची पकड त्याच्यावर बसतच नाही. औषध नसतं तेव्हा त्याला कुणी विचारत नाही, उलट तो थोडा लंगडाच असतो. औषध आलं की बाकीचे आडवे होतात आणि मैदान या लंगड्याला मोकळं मिळतं. औषध विषाणूला काही शिकवत नाही. जो आधीच वेगळा होता त्याला ते निवडून काढतं, एवढंच. याला नैसर्गिक निवड म्हणतात, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं आणि पोरांनी ते तसंच उत्तरपत्रिकेत उतरवलं होतं.

त्या दिवशी मात्र मला फळ्याच्या जागी माझ्या भावाचा घसा दिसत होता. औषध घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. निवड झाली असेल तर तिथं झाली असेल. मग साहेब घरभर खोकत फिरले असतील, आणि नेमका तो निवडलेला विषाणू भावजयीच्या घशात गेला असेल तर तिच्यासाठी असलेलं हे एकच औषध तिला लागू पडणार नाही. पोटात आठ महिन्यांचं पोर. मांडीवर केळी होती. ती बघून मनात आलं, केळीची सगळी बाग एकाच जातीच्या पिलांची, सगळी झाडं सारखी, निवडायला काही नाही. विषाणू असा असता तर किती बरं झालं असतं. बाहेर रान उजाड पडलं होतं. मी खूप घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो, त्यामुळे कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून उगीच भांडले.

घरी पोचले तर अव्वा अंगणात जवारीच्या कणसांचा ढीग घेऊन बसली होती. मामाच्या शेतात त्या साली फारसं काही आलं नव्हतं, पण आलं त्यातलं थोडं त्यानं बहिणीकडे पाठवलं होतं. बियाणं निवडावं तर अव्वानंच, हा माझ्या आजोळचा जुना नियम. अशा सालातही जे कणीस दाण्यांनी गच्च भरलंय ते बाजूला काढायचं, तेच पुढच्या पेरणीला. याला आमच्याकडे बी धरणं म्हणतात. भावजय आतल्या खोलीत होती. तोंड तापानं लाल, नाकाला रुमाल, आणि मला बघून हसत होती. म्हणाली, अक्का, लांबच बसा, केळी तेवढी इकडं द्या.

तिची डॉक्टरीण तासाभरापूर्वी येऊन गेली होती. इथलं औषध संपलंय, लातूरहून मागवलंय, उद्या सकाळी येईल, पण या महिन्यात रात्रभर थांबणंही बरं नाही, कुठं मिळालं तर आजच सुरू करा, असं सांगून गेली होती. मी तिला फोन लावला, वाटलेल्या कॅप्सूलचं सांगितलं आणि माझी भीतीही सांगितली. ती शांतपणे म्हणाली की भीती खोटी नाही, पण असा औषधाला न जुमानणारा विषाणू क्वचितच निघतो. उशीर त्याहून वाईट. पट्टी जिथं सीलबंद असेल तिथली कॅप्सूल चालेल. लागू पडतं की नाही ते दिल्याशिवाय कसं कळणार? खुर्चीत अंग चोरून बसलेला भाऊ तेवढ्यात पुटपुटला, "जिल्हा असता तर औषध इथंच मिळालं असतं." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो उठून रांजणाचं झाकण नीट बसवायला गेला.

मग मी अव्वाला म्हणाले की वाटलेल्या कॅप्सूल परत मागून आणायच्या.

अव्वाचा हात कणसावर तसाच थांबला. "दिलेलं परत मागू व्हय मी?"

ती रागानं बोलली नाही. तिला खरंच कळत नव्हतं, असं कसं करतात. घरात उपास पडला असता तरी दिलेली भाकरी परत मागायला ती गेली नसती. गल्लीत तिचं जे काही होतं ते या एका गोष्टीवर होतं. आतून भावजयीच्या खोकल्याचा आवाज आला. अव्वा उठली. वाटीभर पाण्यात हात धुतले, ट्रंकेतून चांगली इरकल काढून नेसली, कपाळाला विभूती लावली आणि लग्नाचं आवतण द्यायला निघावं तशी निघाली. मी मागोमाग.

पहिल्या घरी ती मुद्द्यावर येईना. टँकर कधी आला, किती घागरी मिळाल्या, म्हशीचं काय केलं, सगळं विचारून झालं. मी कोपरानं ढोसलं तेव्हा कुठं ती मान खाली घालून बोलली. त्या घरची बाई म्हणाली, तुम्ही दिली त्याच दिवशी खाल्ली की, लई बरं वाटलं. तिला साधी सर्दी होती. दुसऱ्या घरी कॅप्सूल देव्हाऱ्यात होती, बेलाच्या पानावर, शेजारी विभूतीचा खडा. घरात कुणाला खरंच जास्त झालं तर असावी म्हणून ठेवली होती. त्यांनी ती ओंजळीत घालून अव्वाला दिली. सीलबंद होती. अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसरं घर एकट्या म्हातारीचं. ती म्हणाली, कॅप्सूल फोडून आतली पूड रांजणात टाकली. पाण्यात औषधाचे थेंब टाका, असं आरोग्याची बाई सांगून गेली नव्हती का? मी कपाळाला हात लावला. मग ती अव्वाकडे बघून म्हणाली, "एकटीनं कशाला खाऊ? माझ्या रांजणातलं पाणी येणारं-जाणारं समदं पितंय. समद्यांना लागू दे म्हनलं." अव्वाच्याच तालमीत तयार झालेली शिष्या होती ती. मला इतकं हसू आलं की दाराची चौकट धरून उभी राहिले. सून तापानं फणफणलेली, वर बाळाची काळजी, आणि आम्ही मायलेकी त्या रांजणाशेजारी पोट धरून हसत होतो. म्हातारीला वाटलं तिनं काहीतरी फारच चांगलं केलंय. तिनं आम्हाला त्यातलंच पाणी प्यायला दिलं आणि आम्ही प्यालो.

दुसरी कॅप्सूल समितीच्या अध्यक्षांकडे मिळाली. धरणं लांबलं तर पुढाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून त्यांनी ती जाकिटाच्या खिशात जपून ठेवली होती. देताना छोटंसं भाषणही केलं. मी पहिल्यांदाच त्यांचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं.

परतलो तर मागून निम्मी गल्ली आली. पोरीला काय झालं, काय आणून देऊ, कुणी तांदूळ आणले, कुणी लिंबू. मी दारात आडवी उभी राहिले आणि सगळ्यांना अंगणातच थांबवलं, तोंडाला पदर नाहीतर रुमाल लावायला लावला. त्यावर एक बाई म्हणाली, औषध वाटून खाल्लं तर बिघडलं कुठं, इख तर न्हाई ना ते. अव्वाही माझ्याकडे तसंच बघत होती. विचारायचं तिलाही होतं. कॉलेजातली भाषा तिथं कामाची नव्हती. मी ढिगातलं एक कणीस उचललं.

मी म्हणाले, "औषध म्हणजे विषाणूचा दुष्काळ. पुरता पडू दिला तर त्याचं सगळं रान जळतं, जे चिवट चुकून उरतं त्याला आपल्या अंगाची ताकद मारून टाकते. अर्ध्यावर थांबवला तर सगळ्यात चिवट तेवढं कणीस उभं राहतं. मग पुढचं सगळं शिवार त्याच्याच बियाचं."

अव्वानं माझ्या हातातलं कणीस घेतलं, फिरवून बघितलं. मामाच्या रानात बाकी सगळं वाळून गेल्यावर उरलेलं ते कणीस होतं.

"म्हंजे मी त्याचं बी धरून राहिले व्हते," ती म्हणाली.

तिनं नव्हतं धरलं, तिच्या लेकानं धरलं होतं, तिनं फक्त पेरायला घरोघर दिलं होतं. पण ते मी बोलले नाही. भाऊ बिचारा कोपऱ्यात ऐकत उभा होताच.

दिवेलागणीला पहिली कॅप्सूल दिली. सकाळी दुसरी, तोवर लातूरहून पट्टी आलीच. अव्वा दर वेळी समोर उभी राहायची आणि गिळल्यावर जीभ बाहेर काढायला लावायची. पहिल्या दिवशी ताप हलला नाही. संध्याकाळी थर्मामीटर दोनदा लावून बघितलं. निवडलेलाच आला, असं मनात पक्कं झालं. अव्वाला काही सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. ती इष्टलिंग तळहातावर घेऊन बसली ती किती तरी वेळ उठली नाही. मी अंगणात कणसं निवडत बसले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण हातांना काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून आवाज आला, "अक्का, मला भाकरी अन् मिरचीचा ठेचा पायजे. अन् ती केळी संपली का?" मी धावत गेले, कपाळाला हात लावला. गार आणि घामानं ओलं होतं. मी तिथंच रडायला लागले. भाऊ आला, मला रडताना बघून त्याचा चेहरा पांढरा पडला, मग कळल्यावर तोही रडायला लागला. भावजय म्हणाली, आधी ठेचा करा, मग रडा. अव्वानं ठेचा केला, लसूण घालून झणझणीत. माझ्या उभ्या आयुष्यात मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

भावजयीला दोनच दिवसांत पूर्ण बरं वाटायला लागलं. मग कॅप्सूल नको म्हणायला लागली. अव्वाचं एकच वाक्य, "उघड तोंड." पट्टी रिकामी झाली तेव्हा अव्वानं ती उलटीपालटी करून बघितली, उरलं नाही याची खात्री केली आणि स्वतःच्या हातानं चुलीत टाकली. त्या विषाणूत खरंच काही वेगळं होतं का, हे कुणी तपासलं नाही. बहुधा नसावं. डॉक्टरीण म्हणाली तसे ते क्वचितच निघतात, आणि निघाले तरी बरेचसे लंगडे. चुकायला मला फारसं आवडत नाही, पण त्या वेळी चुकले म्हणून मी आठवडाभर खूश होते.

मुलगी झाली ती उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेचं पाणी येत होतं त्याच सुमारास. पाचवीच्या दिवशी आमच्या रांजणात पाणी तळाला गेलं होतं आणि बाळाला न्हाऊ घालायचं होतं. अव्वा कुणाकडे मागायला गेली नाही. सकाळीच दारात कळशी घेऊन ती रांजणवाली म्हातारी उभी. तिच्यामागे देव्हाऱ्यातली कॅप्सूल देणारी, तिच्यामागे अध्यक्षांची बायको. प्रत्येकीनं आपल्या टँकरच्या वाट्यातलं आणलं होतं. म्हातारीनं आधीच सांगून टाकलं, यात काय बी टाकलं न्हाई. पोरगी एवढ्या पाण्यात न्हाली की त्या उन्हाळ्यात उदगीरमध्ये दुसरं कुणी न्हालं नसेल. न्हाणीतून वाहून चाललेलं पाणी बायकांनी बादल्यांत धरलं आणि गल्लीतल्या लिंबाला घातलं.

उदगीर अजून जिल्हा झाला नाही. भाऊ अजून मांडवात जातो, आता खिशात रुमाल घेऊन जातो आणि खोकणाऱ्याला भाषण देऊन घरी पाठवतो. ते भाषण माझंच आहे, फक्त कणसाचा दाखला तो म्हणे जिल्ह्याच्या मागणीलाही लावतो. मी ऐकायला गेलेले नाही.

पोरगी दीड-दोन वर्षांची असताना तिचा कान फुटला. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं, पाच दिवसांचं. ते जंतू वेगळे, औषध वेगळं, पण निवडीचा कायदा तोच. मी सुटीला गेले होते. पोरगी तिसऱ्या दिवशी अंगणभर उड्या मारत होती. तेवढ्यात ती पहिल्या घरची बाई आली. तिच्या नातवाचाही कान दुखत होता. पोरगी आता खेळतेय, तर उरलेलं औषध द्या म्हणाली. भावजयीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. अव्वानं आयुष्यात कुणाला नाही म्हटल्याचं आम्ही दोघींनी कधी ऐकलं नव्हतं.

अव्वानं बाटली उचलून आत किती उरलंय ते बघितलं. मग म्हणाली, "डॉक्टरकडं चल, मी येते संगं. पन हे न्हाई देणार."

बाई हिरमुसली. अव्वानं पोरीला मांडीवर ओढलं, चमचा भरला, म्हणाली, उघड तोंड. पोरीनं तोंड वेडंवाकडं करून गिळलं. अव्वानं तिला जीभ बाहेर काढायला लावली, नीट बघितली. मग उठून घरात गेली, ओंजळभर साखर आणली आणि त्या बाईनं मागितली नव्हती तरी तिच्या पदरात घातली. चपला घालून दोघी नातवाला घ्यायला निघाल्या.